इन्शिराहच्या छातीतली टिकटिक

“टाके घट्ट घाल, पण पाकळ्या मोकळ्या राहू देत!” कैरोच्या मोठ्या डॉक्टरांनी मदतनिसाला असे बजावले होते. तो आवाज मला अजून आठवतो.

मित्रांनो, मी एक जुनी झडप आहे. हृदयातली. काळ्याभोर कार्बनच्या दोन पाकळ्या आणि भोवती कापडाची किनार, एवढाच माझा देह. लहानपणीच्या तापाने इन्शिराहची स्वतःची झडप खराब झाली होती. तान्ह्या वजीहला घेऊन तिला जिनासुद्धा चढवत नसे. मी आले आणि थोड्याच दिवसांत ती एका कडेवर लेक, दुसऱ्या हातात टोपली घेऊन दमिएत्ताच्या बाजारातून येऊ लागली!

माझी टिकटिक खोलीभर ऐकू येई. तिचा नवरा शहाता, सुतार माणूस, चिडवायचा, “अगं, मी बायको केली की घड्याळ?”

“घड्याळच. म्हणून तर वेळेवर जेवायला मिळतं!”

रक्त माझ्यावर साकळू नये म्हणून तिला रोज एक गोळी घ्यावी लागे. पण तीस वर्षे सुखाची गेली आणि तिला वाटले, आता कशाला? कधी घेई, कधी राही. त्यातच मुलुखियाचे दिवस आले. ही हिरवीगार पालेभाजी रोज दोन्ही वेळा ताटात.

या भाजीवर लसणाची फोडणी ओतताना बाईने मोठ्याने श्वास आत ओढावा, नाहीतर ती जमत नाही, अशी आमच्याकडची रीत. इन्शिराहने श्वास ओढला आणि ती मटकन खाली बसली.

शहाता धावत आला. “इन्शिराह, तुझं घड्याळ गप्प का गं झालं?”

दवाखान्यात ती हळूच म्हणाली, “झडप झिजली असेल. पुन्हा छाती उघडणार? महिन्यावर वजीहचं लग्न आलंय हो.”

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मला न्याहाळले. “मावशी, झडप ठणठणीत आहे. बिजागरीत रक्त साकळलंय. गोळ्या चुकवल्यात ना?”

“आणि मुलुखिया?” शहाताने चुगली केली.

“खा की! पण रोज बेताची. एकदम घमेलंभर नको, पालेभाजी फार झाली की गोळीचा जोर उतरतो. आणि सांगितल्या दिवशी रक्त तपासायला यायचं. शब्द द्या.”

“दिला.”

सलाईनमधून औषध गेले, पाकळ्या सुटल्या, टिकटिक पुन्हा खणखणीत! “आता झोप लागेल,” म्हणत शहाता खुर्चीतच घोरू लागला.

मित्रांनो, मी सहसा झिजत नाही. पण माझी निगा हे रोजचे व्रत आहे. बरे वाटते म्हणून का कोणी व्रत सोडते?

काल वजीहच्या लग्नात इन्शिराह घामाघूम होईपर्यंत नाचली. आज सकाळी सारे घर पाहुण्यांसकट गाढ झोपले आहे. रक्त तपासायचा दिवस आजचाच. तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला, चपला हातात घेतल्या आणि दार अलगद ओढून घेतले.