लाल चिंधीची कॅन

मित्रांनो, आधी मला घाबरा, मग माझी गोष्ट ऐका. मी पाच लिटरची एक जुनी प्लास्टिकची कॅन आहे. दिसायला गरीब. पण माझ्या पोटात जे भरून ठेवलं होतं, त्यानं एका म्हाताऱ्या माणसाचा गळा आतून जळाला असता. त्याला पाणी पाजण्यातच माझा जन्म गेला होता. ती भीती अजून माझ्या अंगातून उतरलेली नाही.

कारखान्यात गरम प्लास्टिक साच्यात फुगवलं आणि मी झाले. पहिल्यांदा माझ्यात गोडं तेल आलं. बाभुळगावच्या किराणा दुकानातून पुंडलिकरावांनी मला तेलासकट घरी आणलं. तेल संपल्यावर त्यांनी माझ्यात गरम पाणी आणि राख टाकून खळखळ हलवलं, बाहेरून दाभणानं तरटाचा तुकडा शिवला आणि मला वावरात नेलं. तरट भिजवलं की आतलं पाणी भर उन्हात गार राहायचं.

ते माझे सुखाचे दिवस. कापूस वेचायला बाया यायच्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळसाच्या सावलीत कॅनांची रांग लागायची, सगळ्या एकसारख्या. म्हणून जो तो आपल्या कॅनच्या गळ्याला चिंधी बांधायचा. कोणाची हिरवी, कोणाची पिवळी, कोणाची लाल. चिंधी पाहायची आणि आपली कॅन उचलायची, ही आमच्याकडची रीत. पुंडलिकराव मला दोन्ही हातांनी वर धरायचे, तोंड न लावता वरूनच घशात धार सोडायचे आणि म्हणायचे, "वा! फ्रिजचं पाणी झक मारते हिच्यापुढं."

मग घरात चकाकता थर्मास आला. माझी चिंधी कुजून गळून पडली. मी ओसरीच्या कोपऱ्यात धूळ खात राहिले. अंगावरून पाली जायच्या. इतक्यावर भागलं असतं तर मी तक्रार केली नसती.

पुंडलिकरावांची सून विमलताई. बचत गटातल्या बायांबरोबर ती कपडे धुण्याचं लिक्विड करायला शिकली. टबात स्लरी, म्हणजे फेस आणणारं तीव्र रसायन, घ्यायची. ती काळपट, घट्ट, काकवीसारखी दिसते. त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी हळूहळू सोडत दांड्यानं ढवळायचं, मग मीठ, रंग, वास. तिच्या लिक्विडनं मळकी कॉलरही पांढरी निघायची. सारी आळी तिच्याकडूनच न्यायची. बाई कष्टाची आहे, तिला मी नावं ठेवत नाही. माझा राग एकाच गोष्टीवर आहे.

कॉस्टिकच्या पांढऱ्या पापड्या पाण्यात टाकल्या की विस्तव नसताना पाणी तापतं. मग निवतं. निवलं की अगदी साध्या पाण्यासारखं दिसतं. रंग नाही, वास नाही. आणि अंगाला लागलं तर कातडी खातं. शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, की हे पाणी वेगळ्या भांड्यात, नाव लिहून, कुलपात ठेवा. विमलताईनं मान डोलावली, आणि घरी येऊन ते माझ्यात ओतलं. का? तर तरटामुळे गरम कॅन धरताना हात पोळत नव्हता.

शेजारच्या सुखीबाईनं तेव्हाच टोकलं होतं.

"विमल, हे तं पाण्याची कॅन होय न व?"

"होती. आता लिक्विडची आहे. हे पाह्य, लाल चिंधी बांधून देल्ली. लाल म्हंजे धोका."

"पण घरात सांगतलं का कोणाले?"

"सांगाले कायले पाह्यजे? लाल दिसते न! समजते सगळ्याइले."

समजते सगळ्याइले! मित्रांनो, या दोन शब्दांइतका विषारी साप मी कोणत्याच वावरात पाहिला नाही.

त्या दिवसापासून माझ्या जीवाला स्वस्थता नव्हती. ओसरीवर चप्पल वाजली की मला धडकी भरायची. आमच्याकडे येणाऱ्याला आधी पाणी देतात, मग बोलतात. कोण आलं? कोणाला तहान लागली? कोणाचा हात माझ्याकडे येतोय? सुरुवातीला विमलताई मला न्हाणीत, टबामागे लपवून ठेवायची. मग तिला सवय झाली. भीती गेली, आणि एका दुपारी तिनं मला सरळ रांजणाशेजारी टेकवलं आणि ती टब धुवायला मागच्या दारी गेली.

नेमके त्याच वेळी पुंडलिकराव वावरातून आले. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटण्याचे दिवस होते. खुंट ओढून ओढून हात सोलून निघाले होते. ओठ कोरडे पडलेले. रांजणावरचं झाकण उचललं, तर पाणी पार तळाला. त्यांची नजर माझ्यावर पडली.

"अव्वो! आली का तू पुन्हा कामावर? अन् सूनबाईनं चिंधी बी नवी बांधून देल्ली!"

त्यांनी माझं झाकण काढलं. मला तोंड आहे, पण आवाज नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूची याहून मोठी शिक्षा नाही. त्यांनी मला वर उचललं. मान मागं टाकली. तोंड उघडलं. मी तिरपी झाले. पाणी माझ्या गळ्यापर्यंत आलं.

तेवढ्यात त्यांच्या बोटांवरची मातीची खपली माझ्या तोंडाशी पडली.

"थांब व, आधी हात धुतो," म्हणत त्यांनी मला खाली घेतलं आणि एकेका तळव्यावर धार घेतली. हात चोळले.

"बुळबुळीत काहून लागून राह्यलं हे? शेवाळली वाटते बिचारी."

आणि मित्रांनो, त्यांनी मला पुन्हा वर उचललं! त्यांना वाटलं, शेवाळ तर शेवाळ, तहान तर भागेल. त्यांचं तोंड पुन्हा उघडलं. पडलेले दात, कोरडी जीभ, सगळं मला वरून दिसत होतं. मी थेंबाथेंबानं पुढं सरकत होते.

"मेलो व माय!"

सोललेल्या तळव्यांत आग पेटली होती. मी त्यांच्या हातातून सुटले, जमिनीवर आदळले. धार त्यांच्या पायावर गेली. विमलताई धावत आली, मला पाहिलं आणि पांढरी पडली.

"मामाजी, प्याले काय? प्याले काय सांगा न!"

"नाही व... हात... हात जळून राह्यले..."

सुखीबाई अर्धं लिंबू घेऊन पळत आली. "चोय, लिंबू चोय लवकर!"

"लिंबू नोको!" विमलताई ओरडली. "निरं पाणी आण. बादल्यावर बादल्या आण!"

विमलताईनं त्यांचे हातपाय पाण्याच्या धारेखाली धरले ते सोडलेच नाहीत. पाणी ओतता ओतता रडत होती. मग कोणीतरी मोटारसायकल काढली आणि त्यांना बाभुळगावच्या दवाखान्यात नेलं. परत आले तेव्हा दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. चहाचा कप सून तोंडाला लावत होती. पण कप तोंडाला लागत होता, घोट गळ्यातून खाली उतरत होता. मी कोपऱ्यातून तेवढंच पाहत होते.

"मामाजी, ते कॅन फोडून टाकतो मी," विमलताई म्हणाली.

"कॅनवर कायले राग काढतं? तिचा काय दोष? डोकं तं तुह्यं फुटेल होतं. धुऊन ठेव. लय पाणी पाजलं तिनं मले."

विमलताईनं मला उचललं. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं, की नका ठेवू मला!

तेवढ्यात सुखीबाई म्हणाली, "तुमाले नसंन लागत तं मले द्या न बापा. वावरात पाण्याले होईन."

पुंडलिकरावांनी सुखीबाईच्या गळ्याकडे, जिथं आता माझी धार उतरणार होती, तिथं पाहिलं. मग म्हणाले, "विमल, विळा आण. माह्या डोयादेखत मार."

विळ्याचं टोक माझ्या पोटात शिरलं. आत उरलेलं सगळं मोकळं वाहून गेलं.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर न्हाणीत जा, मोरीखाली पाहा. पाण्याच्या, सरबताच्या बाटलीत ॲसिड, कॉस्टिक, फवारणीचं औषध भरून ठेवलंय का? तुम्ही हात लावू नका. मोठ्यांना बोलवा. "आम्हाला माहीत आहे" असं म्हणून ते रागावतील. रागावू द्या. ते वेगळ्या डब्यात, नाव लिहून कुलपात ठेवेपर्यंत त्यांचा पिच्छा सोडू नका. आणि माझ्यासारखी कॅन निघाली तर ती मोठ्यांकडून धुऊन घ्या आणि फोडायला लावा. तिच्यावर दया करू नका. भोक पडताना तिला दुखत नाही. मला दुखलं नाही.