उसना डबा

संकटाच्या यंत्राला आमच्या मांगरोळ बंदरात सगळे नुसतं 'डबा' म्हणतात. बोट बुडायला लागली की बटण दाबायचं, हाक थेट उपग्रहापर्यंत जाते. पण आम्हा मच्छीमार खारव्यांना त्याची आठवण तपासणीपुरतीच! डबा दाखवल्याशिवाय समुद्रात सोडत नाहीत. मग ज्याचा बिघडलाय तो शेजाऱ्याचा दाखवतो आणि निघताना परत देतो.

माझा भाऊ कानजी मात्र आमचा डबा घेऊन तसाच निघून गेला. तेव्हापासून आमचे हे मला ऐकवत होते, "तुझा भाऊ! उद्या माझी बोटसुद्धा नेईल."

दुपारी जेटीवर जाळं सांधताना यांचा फोन वाजला. तटरक्षक दलाचे साहेब होते.

"'जलदेवी' तुमचीच ना? तिच्या यंत्रावरून संकटाची हाक येतेय."

जलदेवी तर समोरच डुलत होती. हे हसले. "साहेब, बोट इथे बांधलेली आहे. यंत्र बिघडलं असेल."

"मग हाक खोटी समजू?"

यांचं हसू मावळलं. डबा उसना दिल्याचं खरं सांगावं तर यांचा आणि कानजीचा, दोघांचे परवाने जाणार. तरी मी फोन हिसकावला.

"खोटी नाही, साहेब! डबा माझ्या भावाकडे आहे. त्याची बोट 'समुद्रराज' शोधा, तो बुडतोय!"

आणि आम्ही मच्छीमार मंडळाच्या रेडिओकडे धावत सुटलो. संकटाच्या सोळा नंबरच्या चॅनेलवर तटरक्षक दलाची सूचना ऐकून समुद्रातली आमचीच पोरं खिदळत होती, "जलदेवी बुडाली म्हणे! अरे, ती तर जेटीवर झोपलीय!"

यांनी माईक ओढला. "गाढवांनो, जलदेवी नाही, कानजी बुडतोय! जवळ असेल त्याने धावा!"

रेडिओ नुसता खरखरत राहिला. मी देवीला काय काय कबूल केलं, देवीलाच ठाऊक. मग जवळची एक बोट चालवणाऱ्या रतनशी तांडेलाचा आवाज फुटला, "दिसले! पिंपांना धरून तरंगतायत, सगळे आहेत! आणि कानजी मला उशीर केला म्हणून शिव्या देतोय!"

मी ओरडले, हसले, तिथेच बसून रडले.

संध्याकाळी कानजीने ओला डबा आपल्या मेहुण्यापुढे धरला. "घ्या बनेवी, तुमचा डबा."

यांनी त्याच्या एक थोबाडीत दिली आणि मग त्याला असं कवटाळलं की सुटेना.

परवाने गेलेच. ते परत मिळाले त्या दिवशी शेजारचा वेलजी यांच्याकडे आला. "प्रेमजीभाई, तुझा तर वापरून संपला, नवा डबा येईपर्यंत माझा दाखव. निघताना परत दे."

हे जाळं सांधत होते. मान वर न करता म्हणाले, "तोवर बोट बांधलेलीच राहू दे."