नकाशामागचा कागद

रविवार होता आणि घरात मटण शिजलं होतं. जेवायचा क्रम ठरलेला: आधी सासरे आणि वेल्डिंगचं काम करणारा मुलगा, मग सासूबाई, आणि सगळ्यांचं आटोपल्यावर सून. तिला सातवा महिना होता. तिच्या वाट्याला पातेल्याच्या बुडाचा रस्सा आला, तो तिने भातावर ओढून घेतला.

"गोळी घे गं आठवणीने," म्हणत सासूबाईंनी गरम चहाचा कप तिच्यापुढे ठेवला. जेवण झालं की गोळी आणि वर चहा, हा दोन महिन्यांचा नेम होता. सासूबाईंनी तो मायेने पाळला होता.

सोमवारी दवाखान्यात नर्सबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहून कपाळाला हात लावला.

"हिमोग्लोबिन सात! मागच्या वेळी साडेसात होतं. गोळ्या घेतेस की कुंडीत टाकतेस?"

"रोज घेते. चहाबरोबर."

"चहाबरोबर?" नर्सबाई उभ्याच राहिल्या. "तुझा नवरा फाटकं बनवतो ना? आतड्यातही तसंच एक फाटक आहे असं समज. अंगात लोह पुरेसं असलं की ते मिटतं, कमी पडलं की जास्त उघडतं. तुझं सताड उघडं असेल गं! पण चहा लोहाला बाहेरच अडवून धरतो. आणि ताटात मांस नाही, पालेभाजी नाही, तर आत येणार काय? एवढ्याशा रक्तावर बाळंतपणात रक्तस्राव झाला तर तुझ्या जिवावर बेतेल. हे सगळं मी मागच्या वेळीच तुझ्या नवऱ्याला सांगितलं होतं. निळ्या पेनाने लिहूनही दिलं. तू तेव्हा वजनाच्या रांगेत होतीस."

त्या दिवशी घरी जाताना नवरा म्हणाला होता, "विशेष काही नाही. गोळ्या घे म्हणाल्या."

ती घरी न जाता तडक त्याच्या वर्कशॉपमध्ये गेली. तो तोंडावर काच धरून सांधा जोडत होता. भिंतीवर खिळ्याला एका फाटकाचा नकाशा अडकवला होता. रोज डबा द्यायला आली की तो तिच्या डोळ्यांसमोरच असायचा. "किती सरळ रेघा मारता हो," असं कौतुकही तिने केलं होतं. मागच्या बाजूने कागदातून उमटलेली निळी शाई आज पहिल्यांदाच तिच्या नजरेत भरली. तिने कागद उलटला.

'गोळीच्या आधी आणि नंतर दोन तास चहा नको. लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. डाळ, हिरवी भाजी रोज. घरात मांस शिजेल तेव्हा तिला पोटभर वाढा.' पोटभर या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

"अगं, आईला कुठल्या तोंडाने सांगू?" तो पुटपुटला. "तुला आधी वाढायचं म्हटलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं."

"म्हणून मला मरू देणार होतात?"

त्याने काच पुन्हा तोंडासमोर धरली. परक्याने दगा दिला असता तर तिने त्याला चार शब्द सुनावले असते. इथे तिने तो कागद खिळ्यावरून काढला. तो घेऊन ती निघाली.

पुढच्या रविवारी तिने स्वतःचं ताट पुरुषांच्या ताटांशेजारी मांडलं आणि मटण वाढून घेतलं.

"अगं बाई! पुरुषांच्या आधी?" सासूबाई ओरडल्या.

"आधी नाही आई, बरोबरीने." तिने कागद नवऱ्यापुढे सरकवला. "वाचा. मोठ्याने."

सासऱ्यांचा हात घासावरच थांबला. मुलगा अडखळत वाचू लागला. संपेपर्यंत सासूबाई भिंतीला टेकल्या होत्या.

"हे तुला ठाऊक होतं?" त्यांनी मुलाला विचारलं. "मी माझ्या हाताने तिला चहा देत होते, आणि तू समोर बसून बघत होतास? मेल्या, मला नुसतं सांगायचं तरी होतंस!"

सासूबाईंनी तयार चहा मोरीत ओतला, लिंबू चिरलं आणि सुनेच्या ताटात पिळलं. सुनेने त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. नवऱ्याकडे मात्र तिने पाहिलं नाही, आणि पुढे कितीतरी दिवस तिला पाहवलं नाही.

ज्याला कमी आहे त्याच्यासाठी शरीर आपलं दार जास्त उघडतं. वाचकहो, आज तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवलं? तेव्हा पातेल्यात काय उरलं होतं?