दोन तांबे पाण्याचा ठराव

मित्रांनो, मी एक जुना ठोकळा आहे, आणि माझ्या वजनाइतकाच माझा तोराही मोठा आहे. जीपच्या डिझेल इंजिनाचं धड म्हणजे मी. गॅरेजात मला ब्लॉक म्हणतात. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतून मला घडवलं. पिस्टन ज्या चार नळ्यांत वरखाली धावतात, त्या माझ्याच पोटात आहेत.

शिरूर कासारजवळच्या एका वस्तीवर दुष्काळात पाणीवाटपाची सहकारी संस्था निघाली. तिच्या जीपला चाकांवरची टाकी जोडलेली होती. तीन उन्हाळे मी ती ओढली, दिवसाला दोन खेपा. बायका जीपला हळदकुंकू लावायच्या, तेव्हा बॉनेटखाली मी उगाचच फुगायचो.

पण अध्यक्ष सुंदररावांना तीन खेपा हव्या होत्या, म्हणून टर्बो आणला. तो माझ्यावर बसवायचा, की गॅरेजात पडलेल्या मोटारीच्या इंजिनावर? त्याचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, धुतलेल्या ताटासारखा चकचकीत.

धुळाजी मिस्त्री म्हणाले, "टर्बो हवा कोंबून भरतो, अध्यक्ष. आतून दाब लई वाढतो. ह्या बिडाच्या नळ्या जाड, वरून सगळीकडं जोडलेल्या. दाब सोसतील. ॲल्युमिनियम हलकं हाय, लवकर थंड हुतं. पण ह्याच्या नळ्या वरच्या टोकाला मोकळ्या हायेत. लई तापलं तर वाकतंय."

"हलकं तेच घाला," सुंदरराव म्हणाले. "जड मंडळी संस्थेत हायेतच की."

मला भंगारात द्यायचं ठरलं. ड्रायव्हर गहिनीनाथाला मात्र माझी दया आली. "भंगारवाला येईपर्यंत चढाला चाकामागं लावू," म्हणत त्यानं मला जीपच्या मागच्या बाजूला टाकलं. इंजिनाचा दगड झाला, मित्रांनो! मला फार वाईट वाटलं.

पहिल्या दिवशी जीपला हार घातला. सुंदरराव आणि दोन संचालक ऐटीत बसले. टर्बोनं शिट्टी मारली आणि भरलेली टाकी घेऊन जीप चढाला लागली. निम्म्या चढावर गहिनीनाथ म्हणाला, "साहेब, तापमानाचा काटा लालवर गेलाय. रेडिएटरचा पाइप गळतोय. टाकीतलं दोन तांबे पाणी द्या."

टाकीच्या तोटीला कुलूप होतं आणि किल्ली अध्यक्षांच्या खिशात. वाटेत पाणी गायब व्हायचं, म्हणून संस्थेनं तसा नियमच केला होता.

"संस्थेचं पाणी हाय बे," सुंदरराव म्हणाले. "ठरावाबिगर थेंब देता येत न्हाई. कोरमला चार संचालक लागतात, आमी तिघंच हाव. दोनच वळणं राहिली, दामट!"

त्यानं दामटलं. पहिल्याच वळणावर धाडकन आवाज झाला, इंजिन बंद पडलं, वाफेचा लोट उठला आणि हँडब्रेकला न जुमानता टाकी जीपला घेऊन मागं सरकू लागली. गहिनीनाथ आणि एका संचालकानं मला कसंबसं उचलून चाकामागं टाकलं. मी पाय रोवून उभा राहिलो. वस्तीचं दिवसभराचं पाणी माझ्या अंगावर रेललं होतं.

आवाज ऐकून चौथ्या संचालक रुक्मिणीबाई घागर घेऊन खाली आल्या. कोरम भरला! सभा रस्त्यातच बसली. इंजिनाला दोन तांबे पाणी देण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला, कुलूप उघडलं, पाणी ओतलं. तापल्या अंगावर गार पाणी पडताच वाकलेलं ॲल्युमिनियम तडकलंही.

"जीव गेल्यावर कावून पाणी पाजताय?" रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि त्यांनी बायकांना घागरी घेऊन यायला हाक मारली. टाकी रिकामी होईपर्यंत मी तसूभर हललो नाही.

आठवड्यात मी पुन्हा बॉनेटखाली गेलो, टर्बोसकट. सुंदरराव म्हणाले, "लोखंड ते लोखंड!" मी फुगलो.

धुळाजी हात पुसत म्हणाले, "त्याला दोष देऊ नगा, अध्यक्ष. पाण्याबिगर ह्योबी तडकला असता."

माझा तोरा तिथंच उतरला. कारण ते खरं होतं. आता चढाला चाकामागं तो चकचकीत ब्लॉक लावतात. तो हलका आहे, टाकी जरा सरकते, पण तो जीव तोडून धरतो. त्याच्यापुढं मला माझ्या तोऱ्याची लाज वाटते.

म्हणून मित्रांनो, कोण बिडाचा आणि कोण ॲल्युमिनियमचा, हे मोजण्याआधी कोणाला तहान लागली आहे ते बघा. आमच्या वस्तीवर आता नवा नियम आहे. विहिरीवर टाकी भरली, की रुक्मिणीबाई पहिली घागर माझ्या रेडिएटरमध्ये रिकामी करतात. ठराव मात्र मागाहून लिहून घेतात.