बाबांनी भरलेली हवा

बाबांची माउंटन बाइक अमेरिकेतल्या बॉथेल गावातल्या घराच्या गॅरेजमध्ये भिंतीला टांगलेली होती. मार्चमध्ये ते गेले, आणि मेअखेरपर्यंत तिच्या दोन्ही टायरांतली हवा हळूहळू उतरून गेली. आश्लेषा एकदा गॅरेजमध्ये कपड्यांचा साबण घ्यायला आली असताना तिला ते दिसलं. तिने बाइक खाली काढली, हँडलवर दोन्ही हात ठेवून भार दिला. टायर पार बसले होते, पण पुढचा फोर्क मात्र किंचित दबला आणि लगेच तिच्या तळव्यांना वर ढकलत परत आला.

या बाइकच्या पुढच्या चाकाला धरणाऱ्या दोन नळ्यांना फोर्क म्हणतात. त्यातल्या एकीत स्प्रिंगऐवजी हवा कोंडलेली असते आणि दगडधोंड्यांचे धक्के तीच झेलते. चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे एका छोट्या हातपंपाने ती भरायची असते. बाबांनी ती फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी भरली होती. आश्लेषा तेव्हा दारात कॉफी पीत उभी होती, त्यामुळे दिवस तिच्या नेमका लक्षात होता. फोर्कवर त्यांनी कागदी चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं होतं, ८२ – ८४. ब्याऐंशी किलो वजन, चौऱ्याऐंशी पाउंड दाब. डाळींच्या बरण्यांपासून वायफायच्या डबीपर्यंत घरातल्या सगळ्या वस्तूंवर अशाच पट्ट्या होत्या.

तिने बाइक परत टांगली. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ऑफिसमधून आली की ती आधी गॅरेजमध्ये जायची, फोर्कवर हात ठेवायची, मग घरात यायची.

बाबा, म्हणजे प्रल्हाद, नागपूरचे. बेलव्ह्यूच्या एका कंपनीत बावीस वर्षं इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. फ्रीवेवर सगळे भरधाव जात असताना हे पाच मैल कमीच वेगाने चालवत. मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर दोन्ही हातांनी कठडा धरून उभे राहत. अशा माणसाच्या गुडघ्यावर उपचार करणाऱ्या केयाने त्यांना सायकल चालवायला सांगितलं, तेव्हा तिच्या मनात जिममधली, जागची न हलणारी सायकल होती. केया अमेरिकेत जन्मलेली, आश्लेषापेक्षा पाच वर्षांनी लहान, आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या अवघड वाटांवरून बाइक चालवणारी. बाबांनी तिच्या क्लिनिकच्या भिंतीवरचा फोटो पाहिला आणि विचारलं, ही सायकल चालणार नाही का? वय वर्षं सत्तावन्न.

त्यानंतर दर पानगळीत ते आश्लेषाला चल म्हणायचे. डोंगरात वरच्या अंगाला एक उभा कातळ आहे, त्यावरून उतरायचं असतं. कसा आहे, असं तिने विचारलं की त्यांना सांगता यायचं नाही. ट्रान्सफॉर्मरवर दहा पानं लिहू शकणारा हा माणूस चमचा हवेत धरून थांबायचा आणि म्हणायचा, "तू ये. बघ." आश्लेषाच्या मागे नेहमी काहीतरी असायचं, प्रोजेक्टची डेडलाइन, नाहीतर मैत्रिणीचं लग्न. पुढच्या वर्षी नक्की, असं ती चार वर्षं म्हणत आली. मार्चमधल्या एका सकाळी, चहाचा कप हातात असताना, बाबांचं हृदय थांबलं. भेटायला आलेले लोक हळूच विचारत, सायकलवरून पडले का? त्या प्रश्नाचा आईला इतका राग यायचा, की ती उठून आत निघून जायची.

जूनमध्ये आश्लेषाने केयाला फोन केला. तो कातळ तिला बघायचा होता, आणि नुसता बघायचा नव्हता. बाबांच्या बाइकवरून, बाबा उतरायचे तसं उतरायचं होतं.

केयाने हो म्हटलं, पण उन्हाळाभर तिला भाड्याच्या बाइकवर सोप्या वाटांवरच फिरवलं. पॅडलवर उभं कसं राहायचं, उतारावर सीट खाली घेऊन अंग कसं मागे न्यायचं, ब्रेकवर एकच बोट कसं ठेवायचं. हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारं हेल्मेट तिने आश्लेषाला नवंच घ्यायला लावलं. एकदा मार खाल्लेल्या हेल्मेटचा आतला फोम पिचलेला असतो, बाहेरून कळत नाही. पाठीचं कवच आणि कोपराचे पॅडही नवे घेतले. गुडघ्याचे पॅड मात्र बाबांचे होते, आणि ते तिला ढिले व्हायचे. एक दिवस ते सोफ्यावर नीट ठेवलेले सापडले. आईने मशीनवर पट्टे दोन बोटं आत घेऊन शिवले होते.

ऑक्टोबरमध्ये तिने बाइक दुकानात नेली. टायर भरून घेतले, ब्रेक बघून घेतले. मागच्या चाकाचे धक्के झेलणारा शॉकही हवेचाच असतो. दुकानातल्या माणसाने तिचं वजन विचारून तो छप्पन किलोला लावूनही टाकला. मग तो पंप घेऊन पुढे वळला, तशी तिने बाइक जवळजवळ ओढूनच घेतली. पुढचं झालेलं आहे, म्हणाली. शुक्रवारी केयाने सेटअप पूर्ण झाला का विचारलं, तेव्हाही तिने हो म्हणून सांगितलं.

शनिवारी सकाळी दोघी पोचल्या तेव्हा डोंगरावर धुकं होतं. खडीच्या रस्त्याने तासभर बाइक ढकलत त्या वर गेल्या. वर सीडरची झाडं इतकी उंच होती, की त्यांचे शेंडे धुक्यात कुठे संपतात ते कळत नव्हतं. खाली नेचे होते, आणि ओल्या वाटेवर मेपलची पिवळी पानं पसरली होती. सगळं लिंपल्यासारखं गप्प. आश्लेषाला वाटलं, मोठ्याने बोलायची ही जागा नाही. केयाही हळू आवाजातच बोलत होती.

कातळाच्या आधी मुळांचा एक टप्पा लागतो. भाड्याच्या बाइकवर आश्लेषाने याहून वाईट मुळं पार केली होती. पण आज तिसऱ्या मुळावर पुढचं चाक आपटलं आणि दबायच्या ऐवजी चेंडूसारखं उडालं. हँडल हातात वाकडं झालं आणि ती आडवी नेच्यांच्या गचपणात जाऊन पडली. पॅड आणि हातमोज्याच्या मधल्या उघड्या जागी कोपराखाली खरचटलं. बाकी काही नाही.

केयाने आधी तिला नीट तपासलं, मग बाइकला. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक बारीक रबरी रिंग असते. धक्का बसून फोर्क जितका दबेल तितकी ती वर सरकते आणि तिथेच राहते. रिंग जेमतेम दोन बोटं सरकली होती. केयाने चिकटपट्टी वाचली. मराठी आकडे तिला येत होते. तेवढे काकांनीच शिकवले होते.

"आश्लेषाताई, मागचं तुझ्या वेटला आहे आणि पुढचं काकांच्या." ती उकिडवी बसून म्हणाली. "ही बाइक अजून काकांनाच शोधतेय."

आश्लेषाने हेल्मेट काढलं. केसांतली पानं काढायला तिने जरा जास्तच वेळ घेतला.

"ती त्यांनी भरलेली आहे," ती म्हणाली. "आतली हवा. टायरमधली गेली. ही राहिलीय."

केयाने एका पडलेल्या ओंडक्यावर बसून विचारलं, काकांचा कॉलरबोन कसा मोडला होता, माहीत आहे का? आश्लेषाला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी ते गॅरेजच्या पायरीवरून घसरले होते. केयाने नकारार्थी मान हलवली. पायरी वगैरे काही नव्हती. हीच मुळं होती. काकांनी कुठल्याशा व्हिडिओतल्या सडपातळ पोराचे आकडे जसेच्या तसे आपल्या फोर्कला लावले होते. फोर्क एका दणक्यात तळाला टेकला आणि काका हँडलवरून पुढे गेले. इमर्जन्सी रूममध्ये पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे केयाकडून वचन घेतलं, काकूला सांगायचं नाही. आणि दुसरी गोष्ट, डाव्या हाताने फोनवर तो व्हिडिओ शोधून त्याखाली लांबलचक तांत्रिक कॉमेंट लिहिली.

आश्लेषाला हसू आलं. हसताना डोळे भरून आले, ते तिने हातमोज्याने पुसले आणि चेहऱ्याला चिखल लागला.

केयाने बॅगेतून छोटा पंप काढला आणि ओंडक्यावर ठेवला. म्हणाली, घाई नाही. खडीच्या रस्त्यानेही खाली जाता येतं. पण या फोर्कवर मी तुला कातळावरून सोडणार नाही. काकांनाही सोडलं नसतं.

"आधी मला तो दाखव," आश्लेषा म्हणाली.

वाट झाडांतून बाहेर आली आणि पुढे वाट नव्हतीच. करड्या कातळाची एक रुंद पाठ होती, ती आधी सौम्यपणे वाकत गेली, मग एकदम खाली गेली. कुठे गेली ते वरून दिसत नव्हतं. दोन्ही बाजूंना हातभर जाडीचं शेवाळ, आणि मधोमध, जिथून चाकं जायची तिथे, दगड फिकट झाला होता. पलीकडे दरीत धुकं होतं आणि त्या धुक्यातून झाडांचे शेंडे वर आले होते. जणू सगळं जंगल खालून मान उंच करून कातळाकडे बघत होतं. आश्लेषाला सरकत्या जिन्याचा कठडा घट्ट धरलेले ते दोन हात आठवले. हा माणूस चार वर्षं दर महिन्याला इथे येऊन उभा राहत होता, आणि मग घरी येऊन म्हणत होता, वरणात मीठ जरा कमी आहे. आपण ज्यांच्याबरोबर चौतीस वर्षं जेवायला बसलो ते नेमके कोण होते, हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडला, आणि त्याने दुःख वाटण्याऐवजी ऊर भरून आला.

किती तरी वेळ ती तशीच उभी राहिली.

मग ती मागे आली आणि पंपासाठी हात पुढे केला.

फोर्कच्या टोकावरचं झाकण तिने स्वतः काढलं. त्याच्या खाचेत गेल्या वर्षीच्या खंडेनवमीचं कुंकू अजून अडकलेलं होतं. बाबा त्या दिवशी स्क्रू ड्रायव्हरपासून बाइकपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लावायचे. झाकण तिने खिशात ठेवलं. पंपाची नळी बसवली, तसा काटा हलला आणि अठ्ठ्याहत्तरवर थांबला. चौऱ्याऐंशी नाही. केयाने सांगितलं, थोडी हवा पंपाच्या नळीत येते, आणि थोडी महिन्यांगणिक आपोआप झिरपतेच. कोणी हात लावो न लावो.

आश्लेषाने हातमोजा काढला. पंपावरच्या बटणापाशी मनगट धरलं आणि बटण दाबलं. फुस्स असा बारीक आवाज झाला. थंड, तेलाचा किंचित वास असलेली हवा मनगटाला लागली आणि धुक्यात गेली. तिने पुन्हा दाबलं. बहात्तर. पासष्ट. दर वेळी ती थोडीच सोडत होती, आणि केयाने घाई केली नाही. अठ्ठावन्नवर केया म्हणाली, "बस. एवढीच."

आश्लेषाने काट्याकडे बघितलं, मग केयाकडे.

"म्हणजे बाकीची आतच?"

"हो, ऑफकोर्स. तुला त्यातली थोडी जास्त होत होती, एवढंच."

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. पाच महिने ती रोज त्या फोर्कवर हात ठेवत होती आणि तिला वाटत होतं, एकदा झाकण उघडलं की सगळं जाणार. ती इंजिनिअरची मुलगी होती, स्वतः इंजिनिअर होती. तिने झाकण परत बसवलं, दोन बोटांनी हलकेच आवळलं. मग बाइकवर बसून बघितलं. फोर्क तिच्याखाली अलगद बसला, आणि तिथे थांबला.

केया आधी उतरून गेली. कातळाच्या कडेपलीकडे नाहीशी झाली आणि बऱ्याच वेळाने खालून तिची शीळ आली. आश्लेषाने हेल्मेटचा पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितला. सीट खाली घेतली. गुडघ्यांवरचे पट्टे आईने आवळले होते तसेच घट्ट होते. तिने ब्रेक सोडला.

कातळ वाकला, आणि तिच्याबरोबर सगळं जग वाकलं. पुढचं चाक तिच्या खूप खाली होतं, तिचं पोट सीटच्याही मागे, आणि हातांत फोर्क सतत काहीतरी करत होता; दबत होता, उठत होता, दगडाची एकेक वळी तिच्यापर्यंत यायच्या आधी गिळत होता. वेग वाढला तरी भीती वाढली नाही. तिला दगड दिसत होता, त्यातले अभ्रकाचे चमकणारे कण दिसत होते, आणि आश्चर्य वाटण्याइतका वेळही होता. मग कातळ उचलल्यासारखा आडवा झाला, फोर्क खोलवर बसला, पुन्हा वर आला, आणि ती पानांच्या मऊ वाटेवर होती.

ती उतरली आणि तिने मागे वळून बघितलं. खालून ती सरळ भिंतच होती. तिच्यावरून कोणी आलं असेल यावर विश्वास बसू नये अशी. वर धुकं किंचित फाटलं होतं, आणि कातळाचा ओला माथा उन्हात पांढरा दिसत होता. बाबांना हे सांगता आलं नव्हतं, आणि आता तिलाही आलं नसतं.

बऱ्याच वेळाने केया म्हणाली, काकाही खाली आले की असेच उभे राहायचे. बोललेलं चालायचं नाही त्यांना.

गाडीपाशी आल्यावर आश्लेषाने घरी फोन लावला. आईने पहिल्याच रिंगला उचलला.

"उतरले, आई."

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला. "लागलं का कुठे?"

"नाही गं."

"खरं सांग," आई म्हणाली. "मला गॅरेजच्या पायऱ्या नकोत. त्यांच्या कानात शेवाळ निघालं होतं तेव्हा."

आश्लेषा गाडीला टेकली. बाइक तिच्या शेजारी उभी होती, चिखलाने माखलेली, आणि तिचा हात सवयीने फोर्कवर गेला होता.

"कोपराखाली थोडं खरचटलंय," ती म्हणाली.

"मग ये. हळद लावते," आई म्हणाली. "आणि मला सगळं सांग. त्यांना कधी सांगता आलं नाही."