न फेकलेला योयो

"जगातल्या यच्चयावत वस्तू दोनच प्रकारच्या असतात," डॉक्टरांनी भिंग डोळ्याला लावत जाहीर केलं. "ज्यांची किंमत बाजार ठरवतो त्या, आणि ज्यांची किंमत मी ठरवतो त्या!"

"ते भिंग सकाळी मी सुईत दोरा ओवायला घेतलं होतं," आतून बायको म्हणाली. "तेलाचा हात लागलाय. पुसून घ्या, नाहीतर सगळंच धूसर दिसेल."

डॉक्टरांनी भिंग सदऱ्याच्या टोकाला पुसलं.

डॉक्टर म्हणजे दंतवैद्य, तेही निवृत्त. हयातभर लोकांच्या तोंडात डोकावल्यावर माणसानं जरा आकाशाकडं बघावं. यांनी योयो बघायला घेतले. पोरांच्या दुकानातले प्लास्टिकचे नव्हेत. जुने, धातूचे, लेथवर एकेक करून कातलेले, ज्यांच्या पोटात बेअरिंग असतं आणि ज्यांच्या मालकांच्या डोक्यात, असं शेजारी म्हणत, काहीच नसतं. शहरातल्या योयो संग्राहक मंडळात डॉक्टरांचा शब्द शेवटचा. त्यांनी नक्कल म्हटलं की मालक योयो मुकाट्यानं पिशवीत टाकून मान खाली घालून निघून जाई. निकालावर दाद मागायची सोय नव्हती. हा नियमही डॉक्टरांनीच केला होता.

आज समोर दाजी बसले होते, डॉक्टरांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी खिशातून एक लोकरी मोजा काढला आणि मोज्यातून योयो.

"तुझ्या ताईनं कपाटं आवरायला काढलीत," ते म्हणाले. "कधीकाळी एका गिऱ्हाइकानं भेट दिला होता. ती म्हणते, हे लोढणं एक तर विका, नाहीतर माझ्या भावाच्या गळ्यात बांधा. आता तू सांग. अस्सल असेल तर तुमच्या मंडळाच्या लिलावात टाकतो. नसेल तर तू ठेव बाबा, कागदावर ठेवायला वजन म्हणून."

डॉक्टर खुर्चीतून पुढं सरकले.

टायटॅनियमचा, राखाडी, कडेला जांभळी झाक. बहुतेक पहिल्या खेपेचा! या जातीचे योयो बनवणाऱ्या कारखान्यानं पहिली खेप जुनाट यंत्रावर काढली होती, आणि त्या यंत्राच्या पात्यानं योयोच्या दोन्ही वाट्यांच्या आत एकेक नागमोडी ओरखडा सोडला होता. पुढं नवं यंत्र आलं, काम सुबक झालं, आणि सुबक झाल्याबरोबर त्यातला रस गेला. तेव्हापासून संग्राहक त्या ओरखड्यासाठी जीव टाकतात. डॉक्टरांच्या कपाटात मधला एक कप्पा याच योयोसाठी रिकामा होता. त्यात बायकोला साधी टाचणी ठेवायची परवानगी नव्हती.

त्यांनी दात तपासायचा छोटा आरसा काढला, योयो दिव्याखाली धरला आणि सवयीनं म्हणाले, "आ करा."

दाजींनी आ केला.

"तुम्ही नाही हो!"

"मग तसं सांगावं ना माणसानं. आता बघतोच आहेस तर ती डावीकडची दाढ बघ जरा."

डॉक्टरांना ऐकू आलं नाही. आरशात ओरखडा दिसत होता. दुसऱ्या वाटीतही होता. दोराही मूळचाच, कधी कुणाच्या बोटात न गेलेला. म्हणजे पहिल्या खेपेचा, आणि वर खेळायला एकदाही न फेकलेला!

आता पंचाईत अशी, की अस्सल म्हटलं तर लिलाव, आणि लिलाव म्हटला की मंडळातला घड्याळजी बोली लावायला आलाच. हा गृहस्थ योयोंच्या पायी राहतं घर विकून दुकानाच्या माळ्यावर झोपायला लागला होता. त्याच्यापुढं डॉक्टरांचा काय टिकाव लागणार? आणि नक्कल म्हटलं तर योयो आत्ता, इथल्या इथं, कपाटात. मंडळात दाखवता येणार नाही, हे खरं. पण दार लावून एकट्यानं बघायला कुणाची हरकत होती?

"नक्कल," डॉक्टर म्हणाले.

"नक्की?"

"हे आतले ओरखडे बघा, दाजी. अस्सल माल असा ओबडधोबड असतो होय?"

"वा वा!" दाजींचा चेहरा उजळला. "इतकी वर्षं तुझ्या ताईनं हात लावू दिला नाही. महागाचा असेल, महागाचा असेल! कपाटातच कुजला बिचारा. आण इकडं!"

डॉक्टरांनी काही म्हणायच्या आत दाजींनी दोऱ्याचा फास बोटात अडकवला आणि योयो खाली सोडला.

संग्राहकांच्या शास्त्रात फेकलेल्या योयोची किंमत निम्मी, पोचा पडलेल्याची त्याच्या निम्मी, आणि फरशीवर आपटलेल्याचा विषय चारचौघांत काढत नाहीत. त्यातून या जातीचा योयो नुसत्या झटक्यानं वर येत नाही, त्याला वेगळी हातोटी लागते. दाजींना हे ठाऊक नव्हतं. ते झटके देत राहिले, योयो खाली फिरत राहिला, आणि शेवटी फरशीवर आपटला.

ठण्ण!

"काय रे, डोळे का मिटलेस?"

"काही नाही. कचरा गेला," डॉक्टर म्हणाले. "दाजी, तुमची पाठ धरेल. बसा बघू."

"पाठ कसली धरतेय! लहानपणी आख्ख्या आळीत माझ्यासारखा कुणी नव्हता."

ठण्ण!

"निदान गालिच्यावर तरी या!"

"गालिच्यावर आवाज कुठं येतो?"

आवाजानं बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "अय्या, दाजी! तुम्हाला येतं हे? बघा हो, तुम्ही एवढे जमवून ठेवलेत, एकदा तरी असं खेळून दाखवलंत का?"

कौतुक करणारं माणूस मिळाल्यावर दाजी कशाला थांबतात! त्यांनी बाह्या सरसावल्या, "आता मोठा फेरा!" म्हणाले आणि योयो डोक्यावरून गरगर फिरवला. तो एकदा पंख्याच्या दांडीजवळून गेला, एकदा डॉक्टरांच्या कानाजवळून गेला, आणि लोखंडी कपाटाच्या मुठीवर असा बसला की कपाटाचं दार आपोआप उघडलं.

"अस्सल आहे!" डॉक्टर किंचाळले. "अस्सल आहे हो तो! पहिल्या खेपेचा! मी खोटं बोललो!"

योयो दोऱ्याच्या टोकाला लोंबत मंद फिरत होता. डॉक्टर गुडघ्यांवर बसले, भिंग लावलं. काठाला पोचा, पलीकडच्या काठाला पोचा, आणि जांभळी झाक जिथं होती तिथं कपाटाचा हिरवा रंग.

"म्हणजे तुम्ही दाजींना फसवत होतात?" बायकोनं विचारलं.

"हो," डॉक्टर खालूनच म्हणाले. त्यांनी भिंग बाजूला ठेवून सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसले. ते फसवणुकीमुळं की पोच्यांमुळं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "दाजी, मी उद्याच मंडळाचा राजीनामा देतो. सगळ्यांसमोर कबूल करतो, घड्याळजीसमोरसुद्धा. ताईपुढं नाक घासतो. माझ्या कपाटातला कुठलाही योयो उचला, हवं तर सगळे न्या. तुम्ही सांगाल ती शिक्षा मला मान्य आहे. बोला, काय करू?"

दाजींनी हात त्यांच्या नाकापुढं धरला.

"आधी हा फास सोडव. बोट निळं पडलंय."