चिमणाबाईंनी सोडलेली पाण्याची पाळी

मित्रांनो, मी ड्रोनच्या पोटाला बांधलेला एक जुना कॅमेरा आहे. लग्नाचे फोटो माझ्याकडे मागू नका, असली हलकी कामं मी करत नाही. मला घडवलं ते पिकाच्या पानावरून परतणारा उजेड बघायला. माणसाला न दिसणारा उजेडसुद्धा मला दिसतो. निरोगी पान तो भरभरून परत पाठवतं, आजारी पान हात आखडतं. त्यामुळे पान पिवळं पडायच्या आधीच मला कळतं. आहे का तुमच्या डोळ्यांत एवढी धमक?

गडमुडशिंगीच्या चिमणाबाईंची नात राजनंदिनी मला उडवते. यंदा त्यांच्या कोवळ्या उसावरून मी फिरलो आणि नकाशात खालचा कोपरा तांबडा दाखवला. चिमणाबाई म्हणाल्या, ऊस तहानलाय, उद्या आपली पाण्याची पाळी आहे, कोपरा तुडुंब भरा.

"आज्जी, तांबडं म्हंजे तहान न्हाय. पीक आजारी हाय, एवढंच. सरीतली माती बघ की, किती काळी दिसतीया. पाणी साठून मुळं गुदमरल्यात."

"मग पाळी सोडू? सासऱ्याच्या वक्तापासनं न्हाय सोडली. शेजारचा आकाराम दात काढंल."

आमच्याकडं आलेली पाळी सोडणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. पण आणखी एक पाणी बसलं असतं तर कोपऱ्यातला ऊस हातचा गेलाच असता. मला चार शिव्या घालत चिमणाबाई शेतात उतरल्या आणि उसाचं एक बेट उपटलं. मुळं काळी पडलेली, वास कुजका. त्यांनी हाताची माती झटकली. मग बांधावर गेल्या.

"आकाराम, उद्याचं माझं पाणी तू घे. आन् हसलास तर परत घीन."

तो हसला नाही. खोरं घेऊन चर काढायलाच आला. साठलेलं पाणी निघून गेलं आणि माझ्या पुढच्या काही फेऱ्यांत कोपरा नकाशावर हिरवा झाला. चिमणाबाई आता आल्यागेल्या पावण्याला मोबाईलवर तो दाखवतात, माझं कौतुक करतात. शिव्यांचं नाव कुणी काढत नाही.

हल्ली नवे कॅमेरे आलेत, माझ्या काचेवर धूळ बसते. ती मऊ फडक्यानं पुसा, पदराचं टोक लावू नका. आणि मी तांबडं दाखवलं की मोटर चालू करायला धावू नका. दुखणं कुठं आहे ते मला वरून दिसतं, कशाचं आहे ते बघायला तुम्हाला शेतात उतरावंच लागेल. चिमणाबाई पाळी आली की आधी मूठभर माती दाबून बघतात, मगच उसाला पाणी द्यायचं की नाही ते ठरवतात.